बुरुडाची लेक आणि खारीक

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक बुरूड आपल्या मुलीसोबत राहत असे. मासळीच्या करंड्या, सुपं, रोवळ्या, ज्याला जे हवं ते तो विणून द्यायचा. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. मुलीचं नाव गोदी. ती नऊ वर्षांची होती. बाप दिवसभर बांबू सोलत बसायचा, पण बोलायचा फार थोडं. गोदीला त्याची सवय झाली होती.

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी एका गलबताच्या तांडेलानं त्याच्याकडून करंड्या विणून घेतल्या. काम मनासारखं झालं, म्हणून जाताना त्यानं गोदीच्या ओंजळीत एक जनावर ठेवलं. सशाहून लहान, उंदराहून मोठं, शेपूट नाही, कान फुलाच्या पाकळीएवढे.

"याला गिनीपिग म्हणतात," तांडेल म्हणाला. "लांबच्या मुलुखातलं आहे. गवत खातं, कुणाच्या वाटेला जात नाही."

त्याच्या अंगाचा रंग सुकलेल्या खारकेसारखा होता. गोदीनं त्याचं नाव खारीक ठेवलं. ती मादी होती. बुरुडानं तिच्यासाठी झाकणाची मोठी करंडी विणली. गोदी गवत घेऊन दारात आली की खारीक करंडीतून शीळ घालायची. मग घरातलं बोलणंही थोडं वाढलं. "खारके, बाबाला सांग, भात झाला," असं गोदी म्हणायची आणि बाप म्हणायचा, "खारके, तिला सांग, आलोच." दोघांमधला निरोप्याच होती ती म्हणा ना.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी गोदीनं गवत टाकलं आणि शीळ आली नाही. खारीक कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. दुसऱ्या दिवशीही तिनं गवताला तोंड लावलं नाही. बुरुडानं तिला टोपलीत घातलं आणि गोदी पाण्याला गेल्याचं बघून तो एकटाच वैद्याकडे गेला.

वैद्यबुवा म्हातारे होते. गुराढोरांनाही औषध द्यायचे. त्यांनी खारकेचं पोट दोन बोटांनी हळूहळू चाचपलं आणि हात बाजूला घेतले.

"आत गाठ आहे," ते म्हणाले. "मोठी आहे. याला माझ्याकडे औषध नाही."

"किती दिवस?"

"आठवडा धर. त्याहून कमीही. डाळीच्या पिठाची पातळ पेज थोडी थोडी पाज. हा काढा दे, म्हणजे दुखणं कमी होईल. आणि घरात सांगून ठेव."

ते शेवटचं वाक्य बुरुडाच्या कानात शिरलं, पण त्यानं काढा घेतला आणि टोपली उचलली.

वाटेत त्याला शेजारची साळूमावशी भेटली. बाई मनानं चांगली होती आणि सल्ला द्यायला कायम तयार असायची. टोपलीत डोकावून ती म्हणाली, "अरे, पोरीला कशाला रडवतोस? चार दिवस तिला तुझ्या बहिणीकडे पाठव. तोवर हे उरकेल. बंदरावर असलं जनावर पुन्हा कुणीतरी आणेलच. याच रंगाचं बघून करंडीत ठेवून दे. तिला पत्ता लागणार नाही."

बुरुडाला ते पटलं. खरं तर त्याला तेच ऐकायचं होतं.

त्या संध्याकाळी त्यानं गोदीला सांगितलं, "आत्यानं तुला बोलावलंय. उद्या सकाळच्या तरीनं जा."

"आणि खारीक?"

"तिला जरा अपचन झालंय. मी बघतो."

सकाळी दोघं धक्क्यावर उभी होती. गोदीच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. पलीकडून तरीची होडी येत होती. गोदी पाण्याकडे बघत होती.

"आत्यानं बोलावलं नाही ना?" ती म्हणाली.

बुरूड येणाऱ्या होडीकडे बघू लागला.

"आई आजारी होती तेव्हाही तू मला असंच आत्याकडे पाठवलं होतंस. मी परत आले तर आईची चटई गुंडाळून भिंतीला लावून ठेवलेली. मला कुणीच काही सांगितलं नाही. आई मामाकडे गेली, असं तू म्हणालास. मग मोठी माणसं बोलताना मी ऐकलं." तिनं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "मला वाटलं, मी गेले म्हणून आई गेली. मी इथे असते तर गेली नसती."

तिचा आवाज रडवेला नव्हता. पावसाळ्यात छप्पर कुठे गळतं हे सांगावं तशी ती सांगत होती.

होडी काठाला लागली. उतारू उतरले. तरीवाल्यानं हाक दिली, "चला, चढायचं असेल त्यांनी चढा!"

बुरूड जागचा हलला नाही. आपण त्या वेळी लेकीला दुःखातून वाचवलं, असं तो तीन वर्षं धरून चालला होता. ती तीन वर्षं हे एवढं ओझं वागवत होती आणि तो रोज तिच्यासमोर बसून बांबू सोलत होता.

"कुणी नाही," तो तरीवाल्याला म्हणाला. त्यानं गोदीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि दोघं परत फिरली.

अर्ध्या वाटेत तो थांबला. "गोदे, खारीक मरणार आहे. तिच्या पोटात गाठ आहे. वैद्यबुवांकडे त्याचं औषध नाही."

गोदीनं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं गाठोडं त्याच्या हातातून ओढलं आणि चिखलात फेकून दिलं. "तुला माहीत होतं! मला सोडून गेलास वैद्याकडे! खोटारडा आहेस तू!" ती धावत घरी गेली. बुरुडानं गाठोडं उचललं, चिखल झटकला आणि तो मागून गेला.

"केलंस ना पोरीला घाबरंघुबरं?" कुंपणापलीकडून साळूमावशी म्हणाली. त्या दिवशी बुरुडालाही वाटलं, आपलं चुकलंच. गोदी जेवली नाही. बुरूड खारकेला बोटानं पेज चाटवत होता, तेव्हा ती करंडीजवळ त्याच्याकडे पाठ करून बसून राहिली.

पण दुसऱ्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "पेज कशी पाजायची?"

बुरुडानं बोरूएवढी बारीक बांबूची नळी कापली आणि ओठाला टोचू नये म्हणून तिचं टोक घासून घासून गुळगुळीत केलं. गोदी खारकेला मांडीवर घ्यायची, गालाच्या कडेनं नळी लावायची आणि थेंब थेंब पेज सोडायची. कधी खारीक गिळायची, कधी सगळी पेज हनुवटीवरून ओघळायची. गोदी फडक्यानं पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. तिला प्रश्न पडायचे आणि ती ते विचारायची.

"तिला दुखतंय का?"

"दुखतंय. काढ्यानं थोडं कमी होतं."

"तिला कळतं का, मी आहे ते?"

"दुखलं की दात वाजवते, ते तुझ्या मांडीवर थांबतं, म्हणजे कळत असणार. नक्की मला माहीत नाही."

आपल्याला माहीत नाही, हे लेकीला सांगायला बुरुडाला आधी जड गेलं. नंतर तितकं जड गेलं नाही.

चौथ्या दिवशी खारकेनं पेज तोंडातून बाहेर ढकलली. गोदीनं पुन्हा नळी लावली, तिनं पुन्हा ढकलली. गोदी बापाकडे बघू लागली.

"आता नको पाजूस," बुरूड म्हणाला. "नुसती धर."

त्यानं हातातलं सूप बाजूला ठेवलं. ते त्याच दिवशी द्यायचं होतं, पण तो येऊन लेकीशेजारी बसला. दुपारी जेवणवेळेच्या सुमारास खारकेनं दोनदा लांब श्वास घेतला आणि तिसरा घेतला नाही. गोदी बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून होती. अंग गार पडत चाललं, तसं तिला कळलं. मग ती रडली. बुरूडही रडला, आणि त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं नाही.

परसात शेवग्याच्या बुंध्याशी दोघांनी खड्डा खणला. माती गोदीनं लोटली. साळूमावशी कुंपणाशी आली होती. ती नेहमीसारखं काही सुचवायला गेली नाही. घरातून गरम भाकऱ्या आणून देऊन गेली.

पुढचे काही दिवस घर फार शांत होतं. एका संध्याकाळी गोदीनं एकदम विचारलं, "बाबा, आई गेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

बुरुडाचे हात थांबले. "मी होतो."

"ती काही म्हणाली?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. काही नाही म्हणाली, झोपेतच गेली, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. बुरुडानं कोयती खाली ठेवली.

"म्हणाली, गोदीला बोलाव. दोनदा म्हणाली. मी बोलावलं नाही. तू लहान होतीस. तू घाबरशील असं मला वाटलं. आणि तुझं रडणं मला बघवलं नसतं, हेही खरंच. तुझ्या जाण्यानं ती गेली नाही, गोदे. ताप होता. तू असतीस तरी गेली असती. पण तिनं तुला बघितलं असतं."

"मी आले असते," गोदी म्हणाली.

"आली असतीस. चूक माझी आहे."

गोदी उठून आत गेली. त्या रात्री ती बापाशी एक शब्द बोलली नाही आणि त्यानंही तिला बोल म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती येऊन त्याच्यासमोर बसली.

"अजून काय म्हणाली आई? सगळं सांग. पहिल्यापासून."

बुरूड सांगू लागला. त्या दिवशी सांगून संपलं नाही, म्हणून पुढच्या दिवशीही सांगितलं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या माणसापासून मरण लपवलं म्हणून त्याचं दुःख टळत नाही, ते त्याला एकट्यानं सोसावं लागतं. खरं सांगावं आणि मग त्याच्याजवळ बसून राहावं.