न मिरवलेले चितळ

एकदा एका तरुण शिकाऱ्याचे लग्न एका चितळावर अडले होते.

त्याचे नाव धाऊ. राहणारा डोंगरातल्या एका वस्तीचा. ओढ्यापलीकडच्या पाड्यातली ठमा त्याला द्यायचे ठरले होते. पण त्या पाड्याची चाल अशी, की नवऱ्या मुलाने स्वतःच्या बाणाने चितळाचा नर पाडायचा, तो अख्खा बांबूला बांधायचा आणि ढोल वाजवीत मांडवापर्यंत मिरवत आणायचा. मुलीचा बाप त्याच्या शिंगांना हात लावी आणि मगच मुलगी दिली असे म्हणे. ठमाचा बाप खेवजी त्या पाड्याचा कारभारी होता. चालीबाहेर एक पाऊल टाकणारा माणूस नव्हे. त्याने निरोप धाडला होता, की होळीपर्यंत चितळ आले तर ठीक, नाहीतर मुलीला दुसरे स्थळ तयार आहे.

होळीपर्यंतच का, तर तो राजाचा नियम. होळी पेटली की रानात बाण बंद, थेट पावसाळा सरेपर्यंत. मादीवर बाण टाकायचा नाही. शिंगांवर अजून मऊ कातडे असलेल्या नरावर टाकायचा नाही. एका घराला वर्षाला एकच जनावर. ओढ्याच्या उतारावर राजाची चौकी होती आणि तिथला शिपाई प्रत्येक ओझे सोडून पाही. गोष्ट जुन्या राजवटीतली आहे. आता शिकार हाच गुन्हा आहे आणि ते बरेच आहे. पण तेव्हा माणसे रानावर जगत, म्हणून रानाचे नियमही पाळत.

धाऊ शिकार शिकला तो म्हाताऱ्या आबांकडे. त्या डोंगरात आबांच्या तोडीचा शिकारी नव्हता. ते चिमूटभर राख हवेत सोडून वारा पाहत, आणि वारा उलटा असेल तर रिकाम्या हाताने घरी परतत. चिखलात उमटलेल्या खुरावरून जनावर म्हातारे की तरणे हे सांगत. खात्री नसेल तर बाण भात्यातून काढतच नसत. म्हणूनच त्यांच्या हातून जखमी होऊन पळालेले जनावर कुणी पाहिले नव्हते. बोलणे मात्र फार कमी. करून दाखवायचे आणि पुढे चालू लागायचे, हीच त्यांची शिकवण्याची रीत. धाऊला वाटे, आपण आता सगळे शिकलो. उरला आहे तो एक बाण.

होळीच्या आदल्या दिवशी ते दोघे रानात शिरले. धाऊचे सोबती ढोल आणि बांबू घेऊन ओढ्याकाठी बसून राहिले.

सकाळी एक कळप दिसला. माद्या होत्या आणि एक तरणा नर. अगदी बाणाच्या टप्प्यात. धाऊने धनुष्य उचलले. मग त्याला नराच्या शिंगांवरचे कातडे दिसले, मऊ, करड्या लवेचे. धनुष्य आपोआप खाली आले. त्याने वळून आबांकडे पाहिले. आबा त्याच्याकडे पाहतच नव्हते, ते वारा पाहत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावरून धाऊला कळले, की त्यांनी सगळे पाहिले आहे.

उन्हे डोक्यावर आली तेव्हा एका घळीच्या तोंडाशी मोठा नर एकटाच उभा दिसला. शिंगे टणक, टोके घासून पांढरी झालेली. धाऊने श्वास रोखला. बाण बरगडीमागे जिथे लागायला हवा तिथेच लागला. चितळ थोडे धावले आणि बसल्यासारखे कोसळले. धाऊने जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला, आबांनी शिकवले होते तसा. मग मात्र त्याला राहवेना. त्याने सोबत्यांना आरोळी दिली. ते नाचतच आले. एकाने ढोलावर थाप टाकली, दुसरा बांबू पुढे करून वेलीची दोरी सोडू लागला. डोंगराला वळसा घालून पाड्यात पोहोचायला संध्याकाळ होणार होती, पण त्याची कुणाला पर्वा नव्हती.

आबा मात्र सुरी काढून खाली बसले आणि चितळाचे पोट फाडू लागले.

धाऊला आधी समजेचना. मग त्याने झडप घालून म्हाताऱ्याचे मनगट धरले.

"आबा, हे काय करताय? मला हे अख्खं न्यायचंय."

"हात सोड."

"खेवजीला काय दाखवू मी?"

"सावली सरकतेय," आबा म्हणाले. "हात सोड."

जन्मभराच्या सवयीने धाऊचा हात सुटला. सोबत्यांपैकी एक जण म्हणाला, की वरात निघायची होती, इथे तर खाटकाचे दुकान उघडले. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याचे स्वतःचे लग्न झाले नाही, त्याला दुसऱ्याचे कसे बघवेल. आबांनी मान वर केली नाही.

धाऊ संतापला होता, आणि तरीही त्याची नजर त्या हातांवरून हटत नव्हती. इतके म्हातारे हात, पण सुरीचे टोक कुठे किती आत जावे हे त्यांना ठाऊक होते. कोथळा आणि आतडी त्यांनी अख्खी बाहेर काढली, कुठे टोचू दिली नाहीत. काळीज हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, त्यावर कुठे डाग किंवा गाठ आहे का ते बोटांनी चाचपले, वास घेतला आणि समाधानाने बाजूला ठेवले. मग ती सुरी पुसून म्यानात घातली, हात राखेने चोळून धुतले आणि कमरेची दुसरी सुरी काढली. पोटाची सुरी त्यांनी मांसाला लावली नाही.

ओढ्याकाठच्या जांभळाच्या दाट सावलीत त्यांनी धड टांगायला लावले. कातडे सोलले. सोबत्यांपैकी एक जण ओढ्याचे पाणी आणून मांसावर ओतायला निघाला, त्याला हातानेच थांबवले. जे पुसायचे ते कोरड्या गवताने पुसले. तुकडे केले, ते एकावर एक रचू दिले नाहीत. फांद्यांवर सुटे पसरून ठेवले. वारा लागून ते हाताला गार लागू लागले, तेव्हाच जांभळाच्या डहाळ्यांमध्ये ठेवून सोबत्यांकडून विणून घेतलेल्या वेलीच्या पाट्यांत भरले. मागच्या एका मांडीवर मात्र त्यांनी नराची खूण तशीच राहू दिली, सोलली नाही. डोके शिंगांसकट वेगळे ठेवले.

"उचला," एवढेच ते म्हणाले.

बांबूला चितळाऐवजी पाट्या अडकवल्या. ढोल मुका झाला. होळी उद्यावर, रानात आता पुन्हा बाण नाही, घराचे जनावर झाले. गुरूनेच आपले लग्न मोडले, हे धाऊच्या मनाने पक्के केले होते. तरीही जिथे जिथे ते थांबले, तिथे त्याचे हात पाट्या आपसूक झाडाखाली नेत आणि जमिनीवर न टेकवता दगडांवर ठेवत.

चौकीवरच्या शिपायाने आबांना पाहून मुजरा केला आणि पुढे जा म्हणाला. आबा जागचे हलले नाहीत.

"पाटी सोड आणि बघ," ते म्हणाले.

"तुमची कशाला बघायची, आबा?"

"नियम मला पण आहे. तुकडे आहेत. मादी मारली असेल तर?"

शिपायाने ओशाळून पाटी सोडली. मांडीवरची खूण पाहिली, शिंगे चाचपून पाहिली आणि पाटी पूर्वीपेक्षा नीट बांधून दिली. एवढ्या रागातही धाऊची मान अभिमानाने थोडी ताठ झाली. त्याचा त्यालाच राग आला.

वळसा न घालता थेट वाटेने आले, म्हणून ते पाड्यात पोहोचले तेव्हा अजून उजेड होता. माणसे वाटेवर जमली होती. ढोल ऐकू येत नाही म्हणून बायका आपसात कुजबुजत होत्या. पाट्या पाहून सगळे बाजूला सरले. खेवजी मांडवातून बाहेर आला.

"चितळ कुठाय?"

धाऊने पाटीकडे बोट दाखवले.

"हे मांस आहे," खेवजी म्हणाला. "मांस बाजारातपण मिळतं. जावई बाजारातनं घ्यायची चाल नाही आमची."

लोक हसले. मांडवाच्या कडेला हळदीने माखलेली ठमा खाली मान घालून उभी होती. ती हसली नाही. धाऊ आबांकडे वळलाही नाही.

आबाच पुढे आले.

"खेवजी, तुझ्या थोरलीच्या लग्नात चितळ मिरवलं होतं. आठवतं?"

"दिवसभर मिरवलं. सात पाड्यांनी बघितलं."

"आणि रात्री जेवणं झाल्यावर?"

खेवजीचा चेहरा बदलला. त्या रात्रीचे त्या पाड्यात कुणी नाव काढत नसे. पाहुणे ओकून ओकून पडले होते. खेवजीची म्हातारी आई उजाडेपर्यंत गेली. नवरी अवलक्षणी, तिला नजर लागली, असे ठरले. वऱ्हाड तिला तशीच टाकून गेले. तेव्हापासून ती थोरली, लाडकी नावाची, बापाच्या घरी होती, आणि शुभकार्यात तिने चुलीला हात लावायचा नाही असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते.

"मी पाहुणा होतो," आबा म्हणाले. "त्या चितळाचं पोट फुगलं होतं. मी बोललो. ढोलापुढं कुणाला ऐकू आलं नाही. खेवजी, जनावर मरतं पण त्याच्या अंगातली ऊब लगेच मरत नाही. पोटातला चारा आत आंबतो आणि मांसात उतरतो. वरचं कातडं मात्र तसंच देखणं दिसतं. ऊन लागलं की अजून लवकर. तुझ्या आईला नजर लागली नव्हती. तुझ्या पोरीत खोट नव्हती. मिरवणुकीनं घात केला."

आबांनी दम घेतला.

"राजाचा नियम रानासाठी आहे. कोणतं मारायचं, कधी मारायचं, किती मारायचं. तो चौकीवर संपतो. चौकीपासून ताटापर्यंत शिपाई नसतो. तिथं ज्यानं जीव घेतला त्यानंच स्वतःवर शिपाई बसायचं. मारताना रानाचा विचार करायचा. मारल्यावर खाणाऱ्याचा."

खेवजी पाटीपाशी बसला, डहाळ्या बाजूला केल्या आणि मांसावर तळवा ठेवला. ते गार होते. त्याने वास घेतला. नंतर धाऊकडे पाहिले.

"हे तू केलंस का म्हाताऱ्यानं?"

हो म्हटले असते तर तिथेच सगळे जमून गेले असते. आबा खोडून काढणार नाहीत, हे धाऊला माहीत होते.

"आबांनी केलं," तो म्हणाला. "मी त्यांचा हात धरला होता. मला मिरवायचं होतं."

खेवजीने आबांकडे पाहिले.

"धरला होता," आबा म्हणाले. "पण वाटेत एकदाही पाटी उन्हात ठेवली नाही त्यानं. मी सांगितलं नव्हतं."

खेवजी उठला. शिंगांना त्याने हात लावला आणि ठमाच्या आईला काहीतरी हळू सांगितले. ती आत गेली आणि लाडकीला हाताला धरून बाहेर घेऊन आली. लाडकी दारातच थबकली. तिला वाटले, काहीतरी चुकले असावे.

"ये," खेवजी म्हणाला. "चूल तू पेटव."

लाडकी पुढे झाली. तिने लाकडे रचली आणि जाळ पहिल्याच फुंकरीला पेटला. धाऊने आधी हात धुतले, मग सुरी. शिजवणाऱ्या बायकांना त्याने बजावले, की आत लाली राहील तोवर कुणाला वाढायचे नाही. बायकांनी नवरदेवाची थट्टा केली, की हा आता रोज चूल सांभाळणार. त्याने ती ऐकून घेतली.

पहिली पंगत उठली. धाऊ आबांजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "आबा, तिथं रानातच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं," आबा म्हणाले. "पण तुला पटेपर्यंत मांस नासलं असतं."

धाऊ हसला नाही. त्याने आबांची दुसरी सुरी मागून घेतली, ती तिच्या म्यानासकट कमरेला लावली आणि जेवायच्या राहिलेल्यांना वाढायला उठला.

आपल्या हातून दुसऱ्याच्या ताटात जे जाते, त्याचा भार तो माणूस जेवून उठेपर्यंत आपल्यावर असतो.