हुंकाऱ्याची जागा

“कोणी माझं खरं मानलं नाही, बाबा. एकानंसुद्धा नाही.”

कोंडाबाई टेकडीवरच्या मठीच्या उंबऱ्यातच उभी राहिली. आत म्हातारे केरोबा पोथीवरची धूळ फडक्यानं झटकत होते.

“बस.”

“बसायला नाही आले. आमचे निवृत्तीबुवा जुन्या ओव्यांचा खोटा अर्थ सांगतात. लढाईच्या ओवीतली ‘वोखटी वेळ’. गेल्या श्रावणात म्हणाले, लग्नाची. यंदा म्हणतात, औषधाची. भर रणात औषध कोण घोटत बसतंय?”

केरोबा हसले. “वोखटी म्हणजे वाईट.”

“मला वास आलाच होता. देवळात तोंडावर बोलले, तर गाव म्हणतं, बाईची जीभ लांब. आता माझी पुढची जागा काढून घेतायत. लगीन होऊन आले तेव्हापासून पोथीला हुंकारा माझा. मी ‘हं’ म्हटल्याशिवाय बुवा पुढची ओळ घेत नाहीत. तसा रिवाजच आहे आमच्यात.”

केरोबांनी गुळाचा खडा पुढं केला.

तिनं तो हुंगला. “कुणाच्या घरचा?”

“निवृत्तीच्या.”

खडा जिथल्या तिथं गेला. म्हाताराही त्यातलाच दिसतोय, तिच्या मनात आलं.

“उद्या देवळात या,” ती म्हणाली. “गावाला कुणी फसवलं, त्याचं नाव चारचौघांत घ्या. बाकी काही मागत नाही.”

“घेतो. आधी हे ऐक.”

त्यांनी पोथी उघडली. गळा अजून खणखणीत होता.

“जुंझारीं रोधिला दारवंठा...”

“हं.”

“तेथें पडिला वीर करंटा...”

“हं.”

“गगनीं उठिला झळंबटा...”

“हं.”

केरोबा थांबले. “झळंबटा म्हणजे काय गं?”

कोंडाबाईनं पदर सारखा केला.

“ते... बुवांना ठाऊक.”

“त्याला कुठून ठाऊक असणार? पोथीत नाहीच तो शब्द. आत्ता मी रचला.”

गुळाच्या खड्याला मुंगी लागली होती. तिनं ती बोटानं उडवली.

“अर्थ सांगायचं काम बुवांचं,” ती पुटपुटली. “माझं नाही.”

“आणि ‘हं’ म्हणून बुवांना पुढं जाऊ द्यायचं, ते काम कुणाचं?”

केरोबांनी पोथी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली.

“उद्या येतो मी देवळात. नाव घेईन.”

“कुणाचं?”

“कोंडाबाई.”