एका चिलटाच्या नवऱ्याला श्रद्धांजली

सोमवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. तालुक्याच्या गावातले एक महाविद्यालय, पहिला मजला, प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. खोलीत दोन माणसे होती. एक वृद्ध प्राध्यापक, निवृत्त होऊन अकरा वर्षे झालेले, सगळे त्यांना आगवणे सर म्हणत. दुसरी त्यांची शिष्या शर्वाणी घोडके, वय सव्वीस, दोन वर्षे एकाच किड्याच्या मागे लागलेली. अकरा वाजता खालच्या सभागृहात तिचा सत्कार होता.

किडा म्हणजे चिलट. तांदळाच्या कणीएवढे. संध्याकाळी आपल्या हातापायांना चावतात ती चिलटे याच कुळातली, पण हे माणसाच्या वाटेला जात नाही. याची मादी शिकारी असते. ती इतर बारीक किडे उडता उडताच धरते आणि सोंड खुपसून शोषून घेते. गावाबाहेरच्या तळ्यावर शर्वाणीने अशा पाच माद्या जाळीत धरल्या होत्या. नर मात्र एकही मिळाला नव्हता, आणि या कुळात जातीची खूण पटते ती नराच्या शेपटाकडे असलेल्या आकड्यांवरून. माद्या एकमेकींसारख्या दिसतात. आकडे प्रत्येक जातीचे वेगळे, जशी प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. नर नाही म्हणून दोन वर्षांचे काम अडून पडले होते.

मग महिन्यापूर्वी पाचव्या मादीने चमत्कार दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या शेपटाला दोन आकडे दिसले. आकडे असलेली मादी शर्वाणीने वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती. तिने चित्रे काढली, निबंध लिहिला, आणि नवी जातच काय, नवा वंश, म्हणजे जातीच्या वरची पायरी, सापडल्याचे ठरवून टाकले. निबंध अजून कोणी तपासला नव्हता. तेवढ्यात प्राचार्यांनी बातमी देऊन टाकली. ती तिसऱ्या पानावर चार रकाने आली, 'रक्तपिपासू माशीचा शोध'. ती माशी नव्हती, ती रक्त पीत नव्हती, आणि शोध अजून शाबीत व्हायचा होता. तीन शब्दांचा मथळा आणि तिन्ही शब्द चुकीचे. छापण्यापूर्वी एक फोन केला असता तरी हे टळले असते, पण फोन करण्याचा कंटाळा हा बातमीदारीचा जुना आजार आहे आणि त्यावर औषध घ्यायला कोणी तयार नाही.

सत्काराचे निमंत्रण मिळाल्यावर आगवणे सरांनी कळवले होते की येतो, पण आधी किडा ठेवलेली काच दाखव. ते पहिल्या एसटीने आले. त्यांचा नियम असा की आधी किडा पाहायचा, मग त्याच्याविषयी लिहिलेले वाचायचे, आणि पाहत असताना कोणी बोलायचे नाही. शर्वाणी गप्प उभी राहिली. सर वीस मिनिटे डोळा लावून बसले. मग त्यांनी तिचे चित्र मागून घेतले, काचेशेजारी ठेवले आणि विचारले, "हे केस दिसले तसे काढलेस, की सवयीनं?"

दिसले तसेच, एकेक मोजून, असे तिने सांगितले.

सर हसले. मग उठून सरळ उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली आणि डोळे मिटून स्तब्ध झाले.

शर्वाणीला काही कळेना. तेवढ्यात हातात हार-तुऱ्यांची यादी घेऊन प्राचार्य आत आले. प्राचार्यही एकेकाळी सरांचेच विद्यार्थी. आपले गुरू मान खाली घालून उभे आहेत हे पाहताच ते दारातच थबकले आणि यादी पोटाशी धरून तेही उभे राहिले. खुर्चीत बसणाऱ्या माणसाला श्रद्धांजलीला उभे राहण्याचा सराव असतो. गेलेल्याचे नाव नंतर कळले तरी चालते. दोन मिनिटे झाली. सरांनी टोपी घातली. प्राचार्यांनी हलक्या आवाजात विचारले, "सर, कोण गेलं?"

"नवरदेव," सर म्हणाले. "लग्नातच गेला."

कार्यक्रम पुढे ढकलावा का, असे प्राचार्यांनी काळजीने विचारले. सरांनी त्यांना खांद्याला धरून सूक्ष्मदर्शकापुढे बसवले आणि शर्वाणीला जवळ बोलावले.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. या चिलटांचे नर संध्याकाळी पाण्यावर ढगासारखे जमून नाचतात. मादी त्या घोळक्यात शिरते ती शिकारीसारखीच, आणि एकाला पकडते. मीलन आणि भोजन एकाच वेळी चालते. ती त्याच्या डोक्यात सोंड खुपसते, आतले सगळे पातळ करून पिऊन टाकते, आणि उरलेले रिकामे टरफल मोडून गळून पडते. गळत नाही ते फक्त शेपटाचे टोक. त्याचे आकडे तिच्या शरीरात अडकलेले असतात, ते तसेच राहतात, आणि ते घेऊन ती उडून जाते. काचेवरच्या या मादीच्या अंगावरचे केस मागे झुकलेले होते. आकड्यांच्या बुडाशी असलेले केस मात्र पुढे, तिच्या डोक्याकडे झुकले होते. एकाच प्राण्याच्या अंगावरचे केस असे समोरासमोर येत नाहीत. तिथे दोन प्राणी होते, शेपटाला शेपूट लावून. सांध्यापाशी फाटलेली कडही दिसत होती, चित्रातसुद्धा.

शर्वाणी स्टुलावर बसली. तिने उभारलेला नवा वंश एका मेलेल्या नवऱ्याच्या तुकड्यावर उभा होता, आणि त्या वंशाचे नाव खालच्या सभागृहात वीतभर उंचीच्या अक्षरांत फलकावर लागले होते.

प्राचार्य आधी सावरले. प्रमुख पाहुणे घरून निघाले आहेत, फलक लागला आहे, तेव्हा सत्कार होऊ द्यावा आणि दुरुस्ती मागाहून पाठवावी, असे त्यांचे मत पडले. चिलटाच्या शेपटातले सभागृहात कोणाला काय कळणार आहे, असेही ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण 'दुरुस्ती मागाहून पाठवू' या वाक्यावर आपल्याकडे किती शाली पांघरल्या गेल्या, किती कोनशिला बसल्या, याची मोजदाद एकदा व्हायला हवी.

शर्वाणीने सरांकडे पाहिले. "दोन वर्षं गेली, सर. हातात काहीच उरलं नाही."

"उरलं नाही कसं?" सर म्हणाले. "मी उगाच उभा राहिलो होतो काय? ज्याला तू दोन वर्षं तळ्यावर शोधत होतीस, तो इथं तुझ्या काचेवर आहे. त्याचं बाकी सगळं खाल्लं गेलं, आणि ज्यावरून त्याला ओळखायचं तेवढंच नेमकं राहिलं. आणि ते मला कळलं तुझ्या चित्रामुळं. केस उलटे का, हे तुला समजलं नाही, तरी ते सरळ करून काढायचा मोह तुला झाला नाही. तुझ्या डोळ्यानं खरी साक्ष दिली, पोरी. घोटाळा नंतर झाला. निबंधात तू त्या केसांना 'वैशिष्ट्यपूर्ण' म्हणालीस. जे कळत नाही त्याला आपण एक भारदस्त शब्द देतो आणि पुढं जातो. तिथं थांबून एवढंच विचारायचं होतं, की हे आहे कोणाचं."

ती झटकन उठली. मग कपाटातून चित्रांची फाइल घेऊन आली. अशा शिकारी चिलटांच्या जगभरात आजवर नोंदलेल्या सातही जातींचे नर त्या फाइलमध्ये होते. तिने एकेकाचे आकडे या आकड्यांशी ताडून पाहायला सुरुवात केली. सर पाने उलटत होते, आणि प्राचार्य, हातातली यादी कधीच टेबलावर टाकून, उजेड नीट पडावा म्हणून खिडकीचा पडदा धरून उभे होते. पहिला जुळला नाही. चौथ्याने जरा घाबरवले, पण त्याचा आतला आकडा सरळ होता, याचा टोकाशी दुभंगलेला. सातवाही जुळला नाही. जात नवी होती. मादी होती, नर होता, आणि दोघे एकमेकांचेच आहेत याचा याहून बळकट पुरावा कोणी मागू शकत नव्हते.

"वंश बुडाला, सर," शर्वाणी म्हणाली, "पण नवरा सापडला." आणि तिला हसू आवरेना. सरांनाही आवरेना.

अकरा वाजता सभागृह भरले. हार गळ्यात पडण्याआधी मला बोलायचे आहे, असे शर्वाणीने सांगितले आणि सगळी हकिगत उभ्या उभ्या सांगून टाकली. नवा वंश नाही, ती माझी चूक, नवी जात आहे, ती अशी सापडली. क्षणभर कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते ठरवता येईना. मग तिसऱ्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका, सरोजिनीबाई, शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "मेल्यावर तरी बायकोच्या उपयोगी पडला. आमच्याकडे तेही भरवशाचं नाही." त्यांचे यजमान शेजारीच बसले होते. तेच सर्वांत मोठ्याने हसले, आणि मग सभागृह हसले. प्राचार्य स्वतः खुर्चीवर चढले आणि फलकाचा वंशाचे नाव असलेला भाग दुमडून त्यांनी टाचण्या लावल्या. मग खांद्यावर आलेली शाल शर्वाणीने कमावलेली होती, आणि ती घेताना तिला मान खाली घालावी लागली नाही.

पुढे वर्तमानपत्रातही दुरुस्ती आली. सातव्या पानावर, दोन ओळी. त्यातही चिलटाची माशीच राहिली.

सत्कारानंतर त्या दुपारी सरांची गाडी सुटायला वेळ होता. शर्वाणीने उरलेल्या चार माद्यांच्या काचा पुन्हा काढल्या. आता काय पाहायचे ते तिला ठाऊक होते. तीन माद्या कोऱ्या निघाल्या. चौथीच्या शेपटाशी एक बारीक ठिपका होता. दोन वर्षांपूर्वीच्या टिपणात त्यापुढे तिनेच 'धूळ' असे लिहिले होते. तिने भिंग बदलले. ती धूळ नव्हती. तो एक आकडा होता, चमच्यासारखा चपटा, टोकाला बोथट. नव्या नराशी त्याचे काही साम्य नव्हते, आणि फाइलमधल्या सातांशीही नव्हते.

सरांनी बराच वेळ पाहिले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने चित्र काढले. नावाची जागा मोकळी ठेवली. खाली ती मादी कुठे आणि कधी धरली तेवढेच टिपणातून लिहिले: तळ्याची पूर्व बाजू, चार नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटे.

याला तीन वर्षे झाली. शर्वाणीची नवी जात छापून आली, नियतकालिकात आणि पुरेशा पुराव्यानिशी. चपट्या आकड्याचे चित्र तिने या विषयातल्या जाणत्या माणसांकडे देशोदेशी पाठवले. सगळ्यांची उत्तरे आली. तसा नर त्यांच्यापैकी कोणीही कधी पाहिलेला नाही.