चार दारांचा महाल आणि उलटलेला बाण

एका राज्यात राजाला कोणी कधी पाहिले नव्हते, पण त्याच्या महालाचा ठोका साऱ्यांना ऐकू येई. महालाला चार दारे होती. ती अखंड उघडत आणि मिटत, आणि त्या उघडमिटीबरोबर तांबडी नदी राज्यभर धावे. दारे थांबली तर नदी थांबेल आणि नदी थांबली तर राज्य उरणार नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणून राखण चोख होती. वेशीवर घनोदर नावाचा राक्षस बसे. परका दिसला की तो त्याला गिळी, आणि परके फार झाले की हाक मारी. हाकेसरशी नदीतून शुभ्रवीर धावत येत. ते सकाळी जन्मत आणि संध्याकाळी मरत. मरतानाही आपल्या देहाचे धागे सोडून त्यांचे जाळे शत्रूवर टाकीत. गल्ल्यांतून पहारा फिरे. त्याच्यासाठी प्रत्येक घराने, आत जे शिजले असेल त्याचा घास खिडकीत ठेवावा, अशी रीत होती. घासाला परका वास आला तर आत शत्रू लपला आहे असे समजून पहारा ते घर पाडी. ज्या घराने घासच ठेवला नाही, त्याच्या दारात दुसरा पहारा येई. तो काही विचारीत नसे.

शस्त्र हाती घेण्याआधी प्रत्येक सैनिकाला टेकडीवरच्या शाळेत राहावे लागे. तिथे राज्यातल्या सर्व माणसांची चित्रे दाखवीत. आपल्याच माणसाच्या चित्रावर ज्याचा हात उठे, तो टेकडी उतरत नसे.

या राज्यात सौदामिनी नावाची लोहारीण होती. ती बाण घडवी. तिचे काम असे चाले : निळा चाष पक्षी रणातून शत्रूचा एक तुकडा चोचीत धरून आणी. सौदामिनी त्या तुकड्याच्या खुणेचा साचा करी. सेनापती सुधन्वा तुकडा पाही, साचा पाही आणि "घडव" म्हणे. मग त्या साच्यासाठी पेटवलेल्या वेगळ्या भट्टीतून बाण आपोआप निघत आणि ती खूण शोधीत उडत. बाण स्वतः कोणाला मारीत नसे. तो नुसता चिकटे. पण ज्याला तो चिकटला, त्याच्यावर घनोदर आणि शुभ्रवीर तुटून पडत.

एके वर्षी मालाधर नावाचा मांत्रिक कंठखिंडीतून चालून आला. त्याचे सैनिक हातात हात अडकवून माळेसारखे चालत, आणि त्यांच्या पागोट्यांना सोनेरी काठ होता. चाषाने काठाचा तुकडा आणला. सौदामिनीने साचा केला, सुधन्वाने "घडव" म्हटले, आणि माळाच्या माळा तुटून पडल्या. मालाधर उरलेल्या सैनिकांनिशी खिंडीतल्या गुहेत पळाला. पळताना त्याने शाप दिला, "ज्या बाणाने मला मारलेत, तो तुमच्याच दारात शिरेल."

सैनिक हसले. सोनेरी पागोट्यांचा ढीग त्यांनी लूट म्हणून शस्त्रागारात टांगला.

थोड्याच दिवसांत महालाचा ठोका चुकू लागला.

चाष सौदामिनीच्या भट्टीवर येऊन बसला. "तुझे बाण महालावर पडताहेत," तो म्हणाला. "तिसऱ्या दारावर सर्वांत जास्त."

तिसऱ्या दारावर तिचा धाकटा भाऊ सुषेण द्वारपाल होता.

ती तशीच काळ्या हातांनी सुधन्वाकडे गेली. "सेनापती, बाण थांबवा."

"बाण चुकत नाही, लोहारीणबाई. तो द्वारपालांवर पडतो, म्हणजे द्वारपाल फितूर आहेत."

"त्यांत माझा भाऊ आहे."

"भाऊ फितूर होत नाहीत, असे मला कोणी शिकवले नाही."

सौदामिनी परत फिरली. बाण तिने घडवला होता. सुषेणही तिनेच, आई गेल्यावर, लहानाचा मोठा केला होता. दोहोंपैकी एक खोटा निघणार होता आणि कोणता ते तिला कळत नव्हते. मग तिला खिडकीतले घास आठवले. ती पहाऱ्याच्या नायकाला गाठायला धावली.

"नायक, महालाच्या दारांपाशी घास पाहता ना?"

"रोज पाहतो."

"वास कसा येतो?"

"घरचा. तिसऱ्या दारावर मीठ जरा कमी पडते."

"परका वास?"

"असता तर दार उभे दिसले असते का? आमचे काम पाडण्याचे आहे बाई, पण निमित्त लागते."

म्हणजे आत शत्रू नव्हता. खोटा होता तो बाण.

ती महालात शिरली. आजवर ती कधी आत गेली नव्हती. कोणीच जात नसे, आणि द्वारपाल कधी बाहेर येत नसत. सुषेण दाराला पाठ लावून उभा होता. त्याच्या कमरेत बाण रुतले होते आणि शुभ्रवीर दाराची कड ओरबाडीत होते.

"ताई, तू? इथे कशाला आलीस, लागेल तुला!"

"दार कसे आहे?"

"पुरते मिटत नाही. नदी उलटी मागे येते. मी खांदा लावून धरले आहे."

सौदामिनीने त्याच्या कमरेकडे पाहिले. कमरपट्ट्याला सोनेरी काठ होता. वीण तीच, पागोट्यांची. द्वारपाल बाहेर येत नसत आणि शाळेचा चित्रकार दारांच्या आत जात नसे. त्याने द्वारपालांचे चेहरे तेवढे झरोक्यातून पाहून काढले होते. हा काठ टेकडीवर कोणी पाहिलाच नव्हता.

"खांदा सोडू नकोस," ती म्हणाली. "मी येते."

"लवकर ये म्हणणार नाही," सुषेण म्हणाला. "पण लवकर ये."

भट्टीपाशी येऊन तिने घण उचलला. तिला साचा फोडायचा होता.

"थांब," चाष म्हणाला. "साचा फोडलास तर मालाधर गुहेतून बाहेर येईल. त्याला अडवणारे दुसरे काही आपल्यापाशी नाही."

"आणि नाही फोडला तर?"

"तर दारे जातील."

"तो तुकडा तूच आणला होतास!"

"मी चोचीत आला तो तुकडा आणला. पारख तुझ्याकडे होती," पक्षी म्हणाला, आणि मग जरा ओशाळून पंख झाडीत म्हणाला, "तीन गोष्टी लागतील. शत्रूची अशी खूण, जी आपल्यात कोणापाशी नाही. तिच्यासाठी सुधन्वाचा शब्द. आणि उठलेल्या हातांवर टेकडीखालच्या शमिकेचा हात."

सौदामिनी वेशीवर गेली. घनोदर जेवून बसला होता.

"घनोदरा, तू गिळलेल्यांतले जे पचले नाही ते मला दे."

"माझ्या तोंडातला घास मागायला आजवर कोणी आले नाही."

"आजवर माझा भाऊ दारात मरत नव्हता."

राक्षस गडगडून हसला. त्याने जबडा उघडला आणि जीभ बाहेर पसरली. जिभेवर मालाधराच्या सैन्याचे तुकडे होते. सौदामिनी जिभेवर चढली. काठाचे तुकडे तिने बाजूला सारले. एक अंगठी सापडली. तशी तर नदीवरची प्रत्येक नावाडीण घाली. ढालीचा पत्रा सापडला. तसल्या पत्र्याची छपरे गावभर होती. शेवटी दाढेच्या फटीत एक काळी आकडी मिळाली. याच आकड्यांनी मालाधराचे सैनिक हातात हात अडकवीत.

ही खूण पुरेल असे तिला वाटले. पण काठाच्या वेळीही तिला असेच वाटले होते. तिने आपल्या डोळ्यांवर विसंबायचे नाही असे ठरवले. आकडी तळहातावर घेऊन ती घरोघर गेली. माळे पाहिले, पेट्या उघडायला लावल्या.

"वेडी झालीस का गं?" बायका म्हणत.

"होय," ती म्हणे. "पेटी उघडा."

ती महालाच्या चारही दारांपाशी गेली आणि द्वारपालांचे खिसे उलटे करून आली. सुषेणचा खांदा आता रक्ताळला होता. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, कारण बोलली असती तर तिथेच बसली असती. अशी आकडी राज्यात कोणापाशी नव्हती.

मग ती सुधन्वासमोर उभी राहिली.

"सेनापती, शाळेत तुम्ही द्वारपालांचे काय पाहिले?"

"चेहरे."

"कमरपट्टे?"

सुधन्वाने नकारार्थी मान हलवली.

"बाण चेहरा पाहत नाही," ती म्हणाली. "तो खूण पाहतो. खूण मी चुकीची दिली आणि तुम्ही होकार दिलात. आता ही पाहा. घरोघर फिरून आले आहे."

सुधन्वाने आकडी उलटसुलट केली. फार वेळ केली. मग तो म्हणाला, "घडव."

नव्या साच्याचे बाण खिंडीकडे उडाले. गुहेतली शेवटची माळ आकडीआकडीला तुटली. मालाधर धूर होऊन निसटू पाहत होता. पण त्याच्याही मनगटाला आकडी होती. बाण चिकटला आणि घनोदराने त्याला धुरासकट गिळले. त्या साच्याचा एक ठसा अस्थिदरीतल्या म्हाताऱ्या वीरांकडे गेला. ते वर्षानुवर्षे झोपतात, पण एकदा पाहिलेला शत्रू विसरत नाहीत.

तरी महालाचा ठोका चुकतच होता. शस्त्रागारात सोनेरी पागोटी टांगलेली होती. ते सोने चमके तोवर खूण समोर दिसे आणि जुन्या साच्याची भट्टी शांत होईना, आणि सैनिक लुटीला हात लावू देईनात.

"शमिकाअक्कांना बोलवा," सौदामिनी म्हणाली.

"तिला?" सुधन्वा म्हणाला. "तिने जन्मात एक शत्रू मारला नाही."

"म्हणूनच."

शमिका टेकडीच्या पायथ्याशी राहत असे. शाळेत असताना आपल्या माणसाच्या चित्रावर तिचाही हात किंचित उठला होता. पण तो तिने स्वतःच खाली घेतला. गुरूंनी तिला ठेवून घेतले आणि दुसरेच काम शिकवले. लोक तिला भित्री म्हणत.

"येते," ती म्हणाली. "पण जुना साचा तुला तुझ्या हाताने फोडावा लागेल. ती भट्टी पुन्हा पेटणार नाही."

त्या भट्टीएवढी धार दुसऱ्या कुठल्याच भट्टीला येत नसे. सौदामिनीने तिच्यापाशी आयुष्य घालवले होते.

"चला," ती म्हणाली.

शस्त्रागाराच्या दारात सैनिक भाले रोखून उभे होते. शमिका एकेकाच्या खांद्यावर हात ठेवीत गेली. "पुरे आता, बाळा. झाले तुझे काम," एवढेच ती म्हणे. ज्याला हात लागे त्याचा भाला खाली येई. एक जण मात्र ओरडला, "अक्का, तुम्ही शत्रूच्या बाजूच्या!" तिने त्याच्याही खांद्यावर हात ठेवला, आणि तो रडू लागला.

पागोटी उतरली. घनोदराने ती एका घासात खाल्ली आणि तोंड वाकडे केले. सौदामिनीने घण उचलला. पहिल्या घावाला साचा तडकला, दुसऱ्याला दुभंगला, तिसऱ्याला भट्टीतला जाळ खाली बसला आणि विझला. त्याच क्षणी महालावरचे बाण वाळल्या पानांसारखे गळून पडले. शुभ्रवीर नदीकाठी परतले, घनोदराने मोडतोड झाडून गिळली, आणि शमिका कोणाचा निरोप न घेता टेकडीकडे चालू लागली. सुधन्वाने तिला रस्ता करून दिला. शाळेचा चित्रकार रंग घेऊन महालाच्या आत गेला आणि द्वारपालांना त्याने नखशिखांत रंगवले. शाप सरला, राज्य जागच्या जागी आले.

सौदामिनी तिसऱ्या दाराशी पोहोचली. सुषेणने खांदा काढून घेतला होता. दार आपले आपण उघडत होते, मिटत होते; फक्त मिटताना कडेच्या फाटलेल्या जागी फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता.

ती कान देऊन ऐकत राहिली. "हा आवाज जाईल का रे?"

"नाही जायचा, ताई," सुषेण म्हणाला. "पण बघ, मिटतंय."