टिकलीचं दार आणि काकांचा बोल्ट

एका अंगणात शेवग्याच्या झाडाखाली होतं एक बीळ. बिळात राहायची उंदीरआई आणि तिची लेक टिकली. टिकलीएवढी होती, म्हणून नाव टिकली. खोड्या मात्र भोपळ्याएवढ्या.

त्याच अंगणातल्या घरात राहायचे मुकुंदकाका आणि शालनकाकू. काकांची होती एक निळी गाडी. काकांना सगळं येतं. म्हणजे, काका तसं म्हणतात.

एकदा काकांनी गाडी घरीच उघडली. खटखट, खुटखुट. सगळं काढलं. खटखट, खुटखुट. सगळं बसवलं. आणि बघतात तर काय, एक बोल्ट उरला.

काकांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पायरीवर होती एक वाटी. बोल्ट खाली, वाटी पालथी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुणी म्हणून पाहिलं नाही. एका टिकलीने पाहिलं.

काकूंना जायचं होतं बहिणीकडे. नवी साडी नेसल्या, गाडीत बसल्या. काकांनी किल्ली फिरवली. फट फट फट, फुस्स. वाफच वाफ. गाडी जरा सरकली आणि गप्प उभी राहिली. उभी राहिली ती नेमकी कुठे? चाक बिळाच्या तोंडावर.

आई आत. टिकली बाहेर. आतून आईने हाक मारली, "टिकले, ये गं. खोबरं कातरून ठेवलंय."

यायचं कसं? दार तर बंद. टिकलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिने नाक पुसलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, जरा हल ना.
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

चाकदादा म्हणाला, "मी नाही हलत जा. इंजिनमामा निवला की हलेन."

टिकली चढली वर. तुरुतुरु, तुरुतुरु. इंजिनमामा बॉनेटखाली धापा टाकत होता.

"इंजिनमामा, इंजिनमामा, जरा निव ना.
चाक हलेना,
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

इंजिनमामा म्हणाला, "मी नाही निवत जा. माझा ठेका चुकलाय, डोकं तापलंय. पाणीताई वाहिली की निवेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणीताई, पाणीताई, जरा वाहा ना.
इंजिन निवेना,
चाक हलेना,
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

पाणीताई म्हणाली, "मी नाही वाहत जा. पंपभाऊ फिरला की वाहीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पंपभाऊ, पंपभाऊ, जरा फिर ना.
पाणी वाहेना,
इंजिन निवेना,
चाक हलेना,
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

पंपभाऊ म्हणाला, "मी नाही फिरत जा. पट्टेराव ओढतील तेव्हा फिरेन."

पट्टेराव होते मोठे दातेरी. पण आज लोळत पडले होते.

"पट्टेराव, पट्टेराव, जरा ओढा ना.
पंप फिरेना,
पाणी वाहेना,
इंजिन निवेना,
चाक हलेना,
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

पट्टेराव म्हणाले, "मी नाही ओढत जा. मी ढिला पडलोय. एका दाताने घसरलोय. बोल्टोबा बसला की ओढेन."

बोल्टोबा? टिकलीला आठवली वाटी. तुरुतुरु, तुरुतुरु, पायरीवर. वाटीवर केलं टकटक.

"बोल्टोबा, बोल्टोबा, जरा बस ना.
पट्टा ओढेना,
पंप फिरेना,
पाणी वाहेना,
इंजिन निवेना,
चाक हलेना,
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

वाटीखालून आवाज आला, "मी कसा बसू? मला काय हातपाय आहेत? काकांनी उचललं की बसेन."

काका गाडीला पेपरने वारा घालत होते. जसा काही तिला तापच आलाय.

"काका, काका, जरा उचला ना.
बोल्ट बसेना,
पट्टा ओढेना,
पंप फिरेना,
पाणी वाहेना,
इंजिन निवेना,
चाक हलेना,
माझं दार उघडेना,
आई आत, मी बाहेर."

काका म्हणाले, "बोल्ट? कुठला बोल्ट? माझ्या हातचं काम आहे. काही उरलं नाही. जा."

खोटं बोलताना काकांच्या मिश्या हलतात. आणि मिश्यांचं सगळं टिकलीला कळतं. तिलाही आहेत ना.

टिकली गेली वाटीपाशी. शेपटी केली ताठ. वाटीखाली घातलं नाक. एक, दोन, हुप्प.

वाटी पडली, खळ्ळ खण्ण. बोल्ट सुटला, गडगड गडगड गडगड. काकू नुकत्याच गाडीतून उतरल्या होत्या. बोल्ट थेट त्यांच्या चपलेपाशी.

काकूंनी तो उचलला. "अहो, हे काय?"

"ते होय," काका म्हणाले, "ते जास्तीचं होतं."

"जास्तीचं? भाजीवाली वर कोथिंबीर देते, तसा गाडीवाल्याने वर बोल्ट दिला होय?"

काकांनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाईट वाटलं. हळूच म्हणाले, "उरला होता. मीच लपवला."

काकू हसल्या. "मग आता बसवा. मी थांबते."

मग काय विचारता. काकांनी बोल्ट घेतला. पट्टा नीट लावला, खुणेला खूण जुळवली. पाना फिरवला, कर्र कर्र कर्र. काकूंनी किल्ली फिरवली.

बोल्ट बसला,
पट्टा ओढू लागला,
पंप फिरला,
पाणी वाहिलं,
इंजिन निवलं,
ठेका जुळला, टुकटुक टुकटुक,
चाक हललं,
आणि टिकलीचं दार उघडलं.

टिकली सुळ्ळकन आत. थेट आईच्या कुशीत. आईने तिला घट्ट धरलं. मग नीट पाहिलं. पंजे काळे. नाक काळं. शेपटीचं टोकसुद्धा काळं.

आई म्हणाली, "टिकले, आधी हात धू. मग खोबरं."

तेवढ्यात वर अंगणात काकू म्हणाल्या, "अहो, आधी हात धुवा. मग गाडी चालवा."

काकांनी हात धुतले. टिकलीने हात धुतले. काका निघाले काकूंना घेऊन, आणि टिकली बसली खोबरं खात. कुटुकुटु, कुटुकुटु.

हात झाले धुऊन,
खोबरं झालं खाऊन,
गोष्ट झाली सांगून.
आणि तुझे हात? दाखव पाहू.