विरजणाचं बोळकं

भांडीकुंडी अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. रूथमावशीच्या फळीवर मातीचं एक बोळकं होतं. उद्याच्या दह्यासाठी थोडं विरजण सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याला त्याचा कोण अभिमान!

एकदा शेजारची मालन वाटी घेऊन आली. मावशीनं बोळक्यातलं अर्धं विरजण तिला देऊन टाकलं.

"आज अर्धं गेलं, उद्या सगळं जाईल. मग मी सांभाळू काय?" बोळकं शेजारच्या पळीला म्हणालं.

"अरे, दुधात पडलं तरच ते वाढतं," पळी म्हणाली.

बोळक्याला काही ते पटेना. मावशी दूध कोमट करायला वळली, तसं ते हळूच सरकून पिठाच्या डब्यामागे जाऊन बसलं. मावशीनं सगळी फळी धुंडाळली. त्या दिवशी घरात दही लागलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बोळकं मात्र खूश होतं. एक थेंबही कमी झाला नव्हता.

पाचव्या दिवशी मावशीनं डबा उचलला. विरजणावर हिरवी बुरशी चढली होती.

"हे असं जपलंस होय रे?" ती म्हणाली. आता आपण उकिरड्यावर जाणार, असं बोळक्याला वाटलं. पण तिनं ते घासलं, उन्हात वाळवलं आणि मालनकडे नेलं.

मालननं आपल्या दह्यातलं चमचाभर त्यात घातलं. "घ्या मावशी, तुमचंच तर आहे."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विरजण मागायला दारात आलं. मावशी फळीकडे वळली, तर बोळकं अगदी कडेला येऊन उभं होतं.