तुळसाक्का आणि एक्याऐंशी पायऱ्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथं एक राणी राज्य करीत होती. तिची न्यायकचेरी टेकडीच्या माथ्यावर होती आणि वर जायला काळ्या दगडाच्या एक्याऐंशी पायऱ्या होत्या. परमुलखातले लोक त्या पायऱ्या पाहायला येत.

त्याच राज्यातल्या एका खेड्यात तुळसाक्का राही. ती बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायची. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते. चार चाकांच्या बुटक्या गाड्यावर बसून, दोन्ही हातांनी जमीन मागं रेटत ती गावभर फिरे. वडिलांनी तिच्यासाठी ओढ्याकाठी बांबूचं एक बेट राखून ठेवलं होतं. त्यावरच तिचं पोट होतं.

एके वर्षी शेजारच्या हैबतीनं आपलं कुंपण सरकवलं आणि ते बेट आत घेतलं. तुळसाक्कानं पाटलाकरवी कचेरीत अर्ज धाडला. तारीख ठरली.

त्या दिवशी सकाळीच ती पायऱ्यांशी पोचली. वरून तिच्या नावाचा पुकारा झाला.

"मी इथं आहे!" ती खालून ओरडली. आवाज वर गेला नाही. तिनं पहारेकऱ्याला विनवलं, "दादा, वर जाऊन सांगा ना, मी आलेय म्हणून."

"आक्का, वर उभा राहील तोच हजर," पहारेकरी मान खाली घालून म्हणाला. "कायदाच तसा आहे."

तीनदा पुकारा झाला. तुळसाक्का गैरहजर ठरली आणि बेट हैबतीला मिळालं.

ती घरी जाऊन रडत बसली असती, तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. पण ती तिथंच थांबली. दिवस कलला, राणीची पालखी पायऱ्या उतरून आली, तेव्हा तिनं आपला गाडा आडवा घातला.

भोई थबकले. राणीनं पडदा सारला. "काय हवंय तुला?"

"न्याय हवाय, राणीसाहेब. पण तो एक्याऐंशी पायऱ्या वर ठेवलाय."

"एवढंच ना? माझे शिपाई तुला उचलून नेतील."

"मी काय धान्याचं पोतं आहे? आणि उद्या माझ्यासारखं दुसरं कुणी आलं तर?" तुळसाक्का म्हणाली. "राग मानू नका, पण या पायऱ्या आपणही कधी चढला नाहीत. आपल्याला भोई आहेत, एवढाच फरक."

राणीनं मागं वळून त्या पायऱ्यांकडं पाहिलं. मग तिनं निकाल थांबवला आणि मुख्य गवंड्याला वर जाणारी नवी वाट बांधायला सांगितली.

गवंड्यानं महिन्याभरात वाट बांधली. समोरची शोभा बिघडू नये म्हणून ती त्यानं टेकडीच्या मागून, घोड्यांच्या पागेजवळून, सरळ वर काढली. राणी पाहायला आली. तुळसाक्का गाडा रेटत निघाली. पाव वाटेवर तिचे हात भरून आले, गाडा मागं घसरला आणि ती कडेला लवंडली. तळहात सोलून निघाले.

"वाट तर करून दिली!" गवंडी वैतागला. "आता आणखी काय करायचं?"

"तुम्ही चढून पाहिलीत का? या, बसा माझ्या गाड्यावर."

गवंडी राणीकडं पाहू लागला.

"बसा," राणी म्हणाली.

गवंडी धडधाकट माणूस. पण वीस हात जाताच त्याला धाप लागली. तो उतरला आणि तुळसाक्कासमोर मातीतच बसला. "आक्का, चुकलो. कशी बांधू, तुम्हीच सांगा."

तिनं मातीत बोटानं रेघ ओढली. "ओझ्याच्या बैलांसाठी घाटात वाट कशी असते? लांब, वळणावळणाची. तशी काढा. दर वळणावर दम खायला सपाट जागा ठेवा. आणि वाट समोरूनच हवी. आम्ही पागेतून येणार नाही."

मग गवंडी आपणहून हिंडला. आंधळ्या सोनबा गुरवानं त्याच्याकडं हाताला कठडा आणि कडेनं काठीला लागेल असा खरबरीत दगड मागितला. बहिऱ्या रंगारणीनं खुणेनं सांगितलं, की पुकारा तिला ऐकूच येत नाही. तेव्हा पुकाऱ्याबरोबर निशाण हलवायचं ठरलं. प्रत्येक वळण बांधून झालं, की गवंडी स्वतः गाड्यावर बसून चढून बघायचा.

वाट पुरी झाली. 'उभा राहील तोच हजर' हा कायदाही राणीनं मोडला. तुळसाक्का कुणाचा हात न धरता वर गेली, भर कचेरीत तिनं आपलं म्हणणं मांडलं, शिवेच्या दगडांचे साक्षीदार उभे केले. हैबतीला कुंपण मागं घ्यावं लागलं.

त्यानंतर कचेरीत कधी न दिसलेली माणसं येऊ लागली. म्हातारेकोतारे आले, लेकुरवाळ्या आल्या, लढाईत पाय गमावलेले शिपाई आले. कारभारी कुरकुरला, "राणीसाहेब, तक्रारी फार वाढल्या."

"वाढल्या नाहीत," राणी म्हणाली. "त्या होत्याच. आता वर पोचतायत."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्यासाठी वाट बांधायची, त्यालाच आधी विचारावं.